जिन्याच्या टोकाची खोली

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आमचे ड्रॉइंगचे सर. आयुष्यभर त्यांनी मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवलं. त्यांचं स्वतःचं शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झालं. त्या वर्षांत ते गिरगावातल्या एका चाळीत, चौघांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहिले. त्या खोलीबद्दल ते फार कमी बोलत. बोलले की आवाज जरा खाली यायचा आणि हातातला खडू थांबायचा. त्या थांबलेल्या खडूचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. तो आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

उमेदीचे, अर्धपोटी दिवस मागे पडल्यावर कलावंत वळून त्या दिवसांचं गाणं गातो. तेव्हा तो नेमकं कशासाठी झुरत असतो? या प्रश्नासाठी मी एक फ्रेंच गाणं निवडलं आहे, 'ला बोएम'. ते 1965 सालचं आहे. शब्द झाक प्लांत यांचे, चाल आणि आवाज शार्ल अझ्नावूर यांचा. हे गाणं मी पहिल्यांदा फ्रेंचच्या वर्गात कॅसेटवर ऐकलं. भाषा जेमतेम समजत होती, पण तीन-तीन मात्रांचं ते घोळत जाणारं वॉल्ट्झचं वजन दादरा ऐकलेल्या कानाला परकं वाटलं नाही. वर्ग सुटल्यावर मी बाईंना ती कॅसेट पुन्हा लावायला सांगितली होती.

गाण्यात बोलतो तो एक वय झालेला चित्रकार. विशीच्या आतल्यांना जो काळ ठाऊक असणं शक्य नाही, त्या काळाबद्दल तो सांगतो. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर एक स्वस्तातली खोली, खिडकीपर्यंत चढलेला लायलॅकचा बहर, एक मुलगी आणि तो. ती त्याच्यासमोर विवस्त्र बसते, तो रात्रभर चित्र खोडतो आणि पुन्हा रेखतो. जेवण एक दिवसाआड. पहाटे दमून दोघं कॉफी घेतात. मग अनेक वर्षांनी तो सहज त्या पत्त्यावर जातो. गल्ली ओळखू येत नाही, जिन्याच्या टोकाला असलेला स्टुडिओ नाहीसा झालेला आहे आणि लायलॅक मेलेली आहे. त्यानंतर शब्द संपतात, पियानो मात्र वेगाने गरगरत राहतो. रंगमंचावर हे गाणं म्हणताना अझ्नावूर हातात पांढरा रुमाल घेत आणि चित्रकार बोटांचे रंग पुसतो तसे हात पुसत. शेवटी तो रुमाल खाली टाकत. ज्यांनी ते पाहिलं त्यांच्या मनात गाण्याइतकाच तो रुमालही राहिला आहे.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. अझ्नावूर चित्रकार नव्हते. गाणंही मुळात त्यांच्यासाठी लिहिलेलं नव्हतं. ते 'मस्य कार्नाव्हाल' नावाच्या ऑपेरेटासाठी झालं. डिसेंबर 1965मध्ये तो पॅरिसच्या शातले थिएटरात आला आणि तिथे हे गाणं जॉर्ज गेतारी म्हणत. अझ्नावूरनी ते स्वतः ध्वनिमुद्रित केलं आणि ते कायमचं त्यांचं झालं. त्या वेळी त्यांचं वय 41 होतं. आदल्याच वर्षी त्यांनी 'इए आँकोर' हे विशीच्या वयाची आठवण काढणारं गाणं केलं होतं. चाळिशीचा उंबरठा ओलांडताना या माणसाला वळून पाहावंसं वाटत होतं, हे उघड आहे.

पण वळून पाहण्यासारखं त्यांच्याकडे काय होतं? 1924च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये एका आर्मेनियन निर्वासित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईवडील अमेरिकेला जायला निघाले होते आणि व्हिसाची वाट पाहता पाहता पॅरिसमध्येच राहून गेले. वडील गात, छोटं रेस्तराँ चालवत आणि खिशात पैसे नसलेल्या देशबांधवांनाही जेवू घालत. पोरगा नवव्या वर्षी रंगमंचावर उभा राहिला. जर्मनांनी पॅरिस व्यापलं तेव्हा या कुटुंबाने आपल्या घरात प्रतिकार चळवळीतल्या लोकांना आसरा दिला. त्यांत कवी मिसाक मानुशियान हेही होते. 1944च्या फेब्रुवारीत नाझींनी त्यांना गोळ्या घातल्या. पुढे अझ्नावूर अनेक वर्षं गायिका एदित पियाफच्या सावलीत राहिले. तिच्यासाठी गाणी लिहिली, गाडी चालवली, सामान वाहिलं. हा आवाज, ही उंची रंगमंचावर चालायची नाही, असं समीक्षक म्हणत होते. तिशी उलटेपर्यंत यश आलं नाही. त्यामुळे गाण्यातला चित्रकार ते नसले तरी ती भूक त्यांच्या ओळखीची होती. उसन्या शब्दांत त्यांनी स्वतःचा श्वास भरला.

शब्दांवरून आठवलं, 'बोएम' हा शब्द मुळात आला कुठून? रोमा लोक बोहेमिया प्रांतातून आले, असा फ्रेंचांचा समज होता, म्हणून ते त्यांना 'बोएमियाँ' म्हणू लागले. समज चुकीचा होता. भाषाशास्त्राने दाखवलं आहे की रोमानी ही भारतीय-आर्य कुळातली भाषा आहे. त्यांच्या बोलीत पाण्याला 'पानी' म्हणतात, कानाला 'कान' आणि माणसाला 'मानुश'. फ्रान्समधल्या रोमांचा एक समूह तर स्वतःला 'मानुश' म्हणजे माणूसच म्हणवतो. थोर गिटारवादक जँगो राइनहार्ट त्यांच्यातला. 1427च्या ऑगस्टमध्ये रोमांचा एक तांडा पॅरिसला पोहोचला तेव्हा त्यांना शहरात घेतलं नाही. मोंमार्त्रच्या शेजारच्या ला शापेल गावात, तटाबाहेर ठेवलं. चारशे वर्षांनी गरीब कवी-चित्रकारांना त्यांचंच नाव मिळालं. घर नसलेला, नियमात न बसणारा, तटाबाहेरचा, असा त्याचा अर्थ झाला. ज्या शब्दाला फ्रेंच गाण्यात एवढा दर्द आहे, त्याच्या मुळाशी आपल्या 'माणूस' शब्दाचा भाऊबंद उभा आहे, हे कळलं त्या दिवशी मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

या शब्दाला कलावंताचा अर्थ घराघरांत पोहोचवला तो ऑन्री म्युर्झेर याने. हा पॅरिसमधल्या एका शिंपीकाम करणाऱ्या दरवानाचा मुलगा. 1845पासून तो एका वृत्तपत्रात लॅटिन क्वार्टरमधल्या आपल्या कंगाल मित्रांच्या गोष्टी लिहू लागला. 1849मध्ये त्यांचं नाटक झालं, 1851मध्ये पुस्तक आलं. नाटक चालल्यावर म्युर्झेर त्या वस्तीतून बाहेर पडला. पुढे 1861मध्ये अवघ्या 38व्या वर्षी तो गेला. त्याच्या पुस्तकात मिमी नावाची एक मुलगी आहे. ती क्षयाने आजारी पडते आणि हॉस्पिटलात दाखल होते. तिचा प्रियकर रोदोल्फ याला कोणीतरी चुकून सांगतं की ती गेली. खरं म्हणजे तिची फक्त खाट बदललेली असते. तो भेटायला जात नाही. आठवड्याभराने चूक कळते, तो धावत जातो, तेव्हा ती खरोखरच गेलेली असते आणि प्रेताची गाडी निघून चाललेली असते. मिमीच्या मागे एक खरी बाई होती, ल्युसील लुव्हे. 1848मध्ये ती पॅरिसच्या पितिए हॉस्पिटलात मरण पावली.

1 फेब्रुवारी 1896ला तुरीनमध्ये म्युर्झेरच्या याच पुस्तकावर आधारलेला, संगीतकार पुच्चिनीचा ऑपेरा 'ला बोएम' रंगमंचावर आला. वाद्यवृंदाचं संचालन 28 वर्षांचा तोस्कानिनी करत होता. या ऑपेरात मिमी हॉस्पिटलात मरत नाही. ती पुन्हा प्रियकराच्या माळ्यावरच्या खोलीत येते, मित्रांच्या घोळक्यात, गार पडलेले हात मफमध्ये घालून. एकाने आपला जुना ओव्हरकोट तिच्या औषधासाठी काढलेला असतो, एकीने कानांतली कर्णफुलं. पहिल्या भेटीत वाजलेले सूर शेवटी हळूच परत येतात आणि ती जाते. पुच्चिनीने स्वतः मिलानमध्ये गरिबीत विद्यार्थिदशा काढली होती, काही काळ मास्कान्यीबरोबर एकाच खोलीत. त्याला हे ठाऊक असणार की खरं मरण असं येत नाही. तरी त्याने तिला घरी आणलं.

पुढची पायरी 1965ची. प्लांत-अझ्नावूरच्या गाण्यात मिमीच्या जागी असलेली ती मुलगी मरतही नाही. ती फक्त विरून जाते. तिच्या ऐवजी लायलॅक मरते.

ही घसरण मी तुम्हाला मुद्दाम क्रमाने सांगितली. आधी हॉस्पिटलातली खाट, मग मित्रांमधलं मरण, मग फुलांचं मरण. पिढीगणिक आठवण गोड होत गेली आहे. यातून एक आरोप उभा राहतो आणि तो टाळून या गाण्यावर प्रेम करता येणार नाही. आरोप असा की तारुण्याच्या हालअपेष्टांचं गाणं त्यांतून वाचलेलेच गातात. जिना उतरून जे खाली आले, त्यांनाच वर पाहून गहिवरता येतं. माळ्यावर जे संपले त्यांनी गाणी केली नाहीत. चित्रकार अमेदेओ मोदिल्यानी जानेवारी 1920मध्ये पॅरिसच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात गेला, वय 35. पुढच्या दीड-दोन दिवसांत त्याची सोबतीण झान एब्युतेर्न हिने, पोटात मूल असताना, खिडकीतून उडी घेतली. तिचं वय 21 होतं आणि तीही चित्रकार होती. त्या घराला भेट देऊन हुरहूर कोणी लावून घ्यायची?

आणि दुसरं, गाण्यातली ती मुलगी. ती रात्रभर न हलता बसली, तिलाही भूक लागली होती, पण गाणं त्याचं आहे. तिला विचारलं तर ती काय सांगेल?

या प्रश्नाचं उत्तर काल्पनिक द्यायची गरज नाही, कारण अशा दोन बायका आपल्याला माहीत आहेत. पहिली स्युझान व्हालादों. कपडे धुणाऱ्या बाईची मुलगी. मोंमार्त्रमध्ये रनवार, तुलूझ-लोत्रेक यांच्यासमोर मॉडेल म्हणून ती बसली आणि बसल्या बसल्या त्यांचे हात पाहत राहिली. मग स्वतः रेखाटू लागली. 1894मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ललितकला संस्थेच्या प्रदर्शनात तिची रेखाचित्रं लागली. तिने काढलेल्या विवस्त्र स्त्रिया दमलेल्या, घरच्या, खऱ्या अंगाच्या आहेत. समोर बसणारीला पाठ किती दुखते हे ठाऊक असलेल्या हाताने त्या काढल्या आहेत.

दुसरी फेर्नांद ऑलिव्हिए. 1904मध्ये पिकासो मोंमार्त्रवरच्या 'बातो-लाव्हार' नावाच्या लाकडी इमारतीत राहायला आला. सीन नदीवर कपडे धुण्याच्या तरंगत्या नावा असत. ही इमारत तशीच कुरकुरे, म्हणून कवी माक्स झाकोबने तिला ते नाव दिलं असं सांगतात. साऱ्या बिऱ्हाडांना मिळून पाण्याचा एक नळ. हिवाळ्यात खोल्या गारठून जात आणि उन्हाळ्यात भट्टीसारख्या तापत. त्याआधी पिकासो आणि झाकोब यांनी दुसऱ्या एका खोलीत एकच पलंग पाळीपाळीने वापरला होता. एक रात्री काम करी तेव्हा दुसरा झोपे. बातो-लाव्हारमध्ये फेर्नांद पिकासोची सोबतीण आणि मॉडेल होती. तिथेच 1907मध्ये 'आव्हीन्योंच्या तरुणी' हे आधुनिक चित्रकलेला कलाटणी देणारं चित्र झालं. 1908मध्ये या मंडळींनी म्हाताऱ्या चित्रकार ऑन्री रुसोच्या सन्मानार्थ मेजवानी ठेवली. बाहेरून मागवलेलं जेवण त्या रात्री आलंच नाही, तारखेचा घोळ झाला होता. फेर्नांदने भाताचं मोठं पातेलं शिजवलेलं होतं, तेवढ्यावर रात्र निभावली. रुसो आपलं व्हायोलिन वाजवत बसला.

पिकासोचं भाग्य उघडल्यावर काही वर्षांनी ते दोघं वेगळे झाले. तिच्या वाट्याला हालाखी आली. तिने त्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या. पिकासोला ते पुस्तक नको होतं, तरी ते 1933मध्ये आलं. पुस्तकात मत्सर आहे, थंडी आहे, उपास आहे. पण ते दिवस वाया गेले असं ती म्हणत नाही. तिलाही ते हवेहवेसे आहेत.

हे वाचलं आणि माझा आरोप मला बदलावा लागला. हुरहूर फक्त जिंकलेल्यांची असती तर फेर्नांदला ती वाटली नसती. तिला जिन्यावरून उतरून काहीच मिळालं नव्हतं. म्हणजे उपाशी राहिल्याचं सुख वाटावं असं त्या खोलीत दुसरं काहीतरी होतं. मला वाटतं ते असं. त्या खोलीत प्रत्येकाचं काम दुसऱ्यासाठी महत्त्वाचं होतं. विकलं जाईल का, हा प्रश्न अजून आत शिरला नव्हता. एक पलंग, एक नळ, एक पातेलं भात आणि रेघ बरोबर आली की नाही यावरून पहाटेपर्यंत चालणारं भांडण. माणूस नंतर झुरतो तो त्या भांडणासाठी. पुढे कीर्ती मिळते, रसिक मिळतात, पण आपली एक रेघ चुकली म्हणून रात्रभर तळमळणारा दुसरा माणूस मिळत नाही.

आणि ते भांडण व्हायला काही अगदी साध्या गोष्टी लागतात. मोंमार्त्र कलावंतांचं झालं त्यामागे चमत्कार नव्हता. 1860च्या 1 जानेवारीपर्यंत ते पॅरिसच्या हद्दीबाहेरचं गाव होतं. जकातीच्या भिंतीपलीकडे असल्याने तिथे दारू स्वस्त, खोल्या स्वस्त. शहरात आल्यावरही चढामुळे ते बरीच वर्षं स्वस्तच राहिलं. तिथला 'लापाँ आजील' हा गुत्ता चालवणारा फ्रेदे चित्रकारांकडून जेवणाच्या बदल्यात चित्रं घेई. पिकासोने त्याला त्या गुत्त्याचंच चित्र दिलं आणि ते तिथल्या भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेलं होतं. फ्रेदे मागे गिटार वाजवतो आहे, पुढे विदूषकाच्या पोशाखात खुद्द पिकासो. 1989मध्ये त्या चित्राला लिलावात चार कोटी डॉलरहून अधिक किंमत आली. आता ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. पण आजच्या मोंमार्त्रमध्ये विशीतल्या चित्रकाराला भाड्याने खोली परवडत नाही. बातो-लाव्हार 1970च्या मे महिन्यात जळालं. गाण्यातल्या चित्रकाराला सापडला नव्हता तसा स्टुडिओ, गाणं आल्यानंतर पाचच वर्षांनी, खरोखरच राहिला नाही.

आपल्याकडेही ही खोली होती आणि अझ्नावूरच्याच पिढीचे चित्रकारही होते. 1924 हे अझ्नावूरचं जन्मवर्ष. त्याच वर्षी गोव्यात साळगावला फ्रान्सिस न्यूटन सूझा जन्मले आणि नागपुरात वासुदेव गायतोंडे. मडगावचे लक्ष्मण पै 1951मध्ये पॅरिसला गेले आणि दहा वर्षं तिथे राहिले. सय्यद हैदर रझा त्यांच्या एक वर्ष आधी गेले होते. मुंबईत वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई यांच्या नावाची एक संस्था होती. पन्नास-साठच्या दशकांत तिथे गायतोंडे, हुसेन नाममात्र भाड्यात रंगवत, अल्काझींच्या नाटकांच्या तालमी चालत, रविशंकरांचे सतारीचे वर्ग भरत. एका छताखाली रंग, शब्द आणि सूर एकमेकांच्या कानावर पडत होते. ती इमारत आज नाही. काळा घोड्याचं वेसाइड इनही नाही, जिथल्या टेबलावरून कवी अरुण कोलटकर रस्ता पाहत बसायचे. एका चहावर दुपार काढू देणारी इराणी हॉटेलं एकेक करून बंद होत आहेत. आपण त्यांच्यावर हळवे लेख लिहितो. मीही लिहिले आहेत.

पण हळवं होण्याने देणं फिटत नाही, हे मला सरांनी शिकवलं. त्यांच्या निवृत्तीनंतर एकदा मी त्यांच्याबरोबर गिरगावात गेलो होतो. चाळीच्या जागी टॉवर उभा होता. मला वाटलं, सरांना वाईट वाटेल. ते मान वर करून मजले मोजत राहिले. मग म्हणाले, "आमची खोली आता त्या पार्किंगच्या दुसऱ्या मजल्याच्या मधोमध, हवेत." शेजारच्या दुकानातून त्यांनी एक वही घेतली, फुटपाथवरच्या कठड्याला टेकले आणि आठवणीतून तो जिना काढला. बावीस पायऱ्या. चौदावी तुटकी होती, तीही काढली. वही माझ्या हातात देताना त्यांनी सांगितलं की खोलीतल्या चौघांपैकी एक जण दुसऱ्या वर्षीच गावी परत गेला होता, फी भरता आली नाही म्हणून. त्याचा हात चौघांत सर्वांत चांगला होता.

त्या दिवशी मला आमच्या शाळेतली एक गोष्ट उलगडली. चित्रकलेच्या खोलीत सरांची एक पत्र्याची पेटी असे. तिच्यात कार्ट्रिज पेपरचे ताव, पेन्सिली आणि पोस्टर कलरच्या बाटल्या असत. ज्याला घरून आणता येत नाही त्याने विचारायची गरज नव्हती, पेटी उघडून घ्यायचं. शाळा सुटल्यावर संध्याकाळी त्या खोलीला कुलूप नसे. आम्हाला वाटायचं, सर विसराळू आहेत.

श्रोतेहो, या व्याख्यानमालेकडे थोडा निधी आहे, हे अध्यक्षांनी मघाशी सांगितलं. माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षी व्याख्यात्याचं मानधन देऊ नका. त्या पैशांत या गावात एक खोली भाड्याने घ्या. चौघांना पुरेल एवढी, नळ असलेली, रात्री दिवा लावायची मुभा असलेली. कोण राहतं, काय काढतं, विकलं जातं का, हे कोणी विचारू नये. आणि एखाद्याची फी थकली तर तो गावी परत जाण्याआधी आपल्याला कळावं, एवढी मात्र सोय असू द्या.

सरांनी काढलेला तो जिना मी आज बरोबर आणला आहे. ती खोली मिळाली की तिच्या दारामागे तो लावावा, एवढ्यासाठी तो मी सरांच्या घरच्या मंडळींच्या हाती देतो.